गॅस गिझरची जागा बाथरूमबाहेरच

थंडी सुरू झाली की महाराष्ट्रातल्या शहरांतून एक बातमी ठरल्यासारखी येते. आंघोळीला गेलेली व्यक्ती बराच वेळ बाहेर आली नाही, हाका मारल्या तरी ओ दिली नाही, शेवटी दार तोडावे लागले. बातमीत कारणही ठरलेले असते : ‘गिझरमधून गॅसगळती’. चार दिवस हळहळ होते, एखादा डॉक्टर टीव्हीवर सूचना देतो, आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत विषय मिटतो.

या बातम्यांतले ‘गळती’ हे कारण बहुतेक वेळा चुकीचे असते. कारण चुकले की उपायही चुकतो. गळती म्हटले की घरचे लोक प्लंबरला बोलावतात. तो साबणाचा फेस लावून नळी तपासतो, रेग्युलेटर बदलतो, ‘आता काही काळजी नाही’ असे सांगून जातो. गिझर मात्र बाथरूममध्ये, आहे त्याच भिंतीवर राहतो. धोका नळीत नव्हताच, तो त्या भिंतीवर होता.

घरगुती गॅसला मुद्दाम घाण वास दिलेला असतो, म्हणून गळती झाली तर नाकाला कळते. माणसे दगावतात ती वेगळ्याच वायूने. गॅस नीट न जळता अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. नाकाला झोंबत नाही, खोकला येत नाही. मूळ गॅसला दिलेला वास ज्योतीत जळून गेलेला असतो. त्यामुळे सिलिंडर, नळी आणि शेगड्या सगळे निर्दोष असलेल्या घरातही हा मृत्यू होऊ शकतो. पाइपने येणाऱ्या गॅसलाही हे तितकेच लागू आहे.

पंधरा मिनिटांचा हिशेब

एक ढोबळ गणित करून पाहण्यासारखे आहे. मिनिटाला ६ लिटर पाणी सुमारे २५ अंशांनी तापवणारा गिझर तासाला साधारण ९०० ग्रॅम ते १ किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला १२ घनमीटरच्या आसपास हवा लागते. म्हणजे १५ मिनिटांच्या आंघोळीत गिझर जवळपास ३ घनमीटर हवेतला ऑक्सिजन खातो.

आता बाथरूम पाहा. पाच फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट. एवढ्या जागेत हवा असते ६.८ घनमीटर. म्हणजे एका आंघोळीत खोलीतल्या हवेच्या चाळीस टक्क्यांहून अधिक हवेचा हिशेब होतो. दाराखालच्या फटीतून, खिडकीतून थोडी हवा आत येतच असते, म्हणून रोज अपघात होत नाही. पण थंडीत तीच खिडकी लावून घेतली जाते, काचेच्या पट्ट्यांवर प्लॅस्टिक चिकटवले जाते, दाराखाली पायपुसणे सरकवले जाते. घरात एकामागून एक तिघे आंघोळीला गेले की धोका तिसऱ्याच्या वाट्याला येतो. म्हणूनच ‘आमच्याकडे दहा वर्षे गिझर आहे, कधी काही झाले नाही’ हा युक्तिवाद पोकळ आहे. दहा वर्षे खिडकी उघडी होती, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

ऑक्सिजन कमी होऊ लागला की ज्योतही बिघडते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो दोन-तीन टक्क्यांनी खाली आला तरी गॅस अर्धवट जळू लागतो आणि निळी ज्योत पिवळी होते. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी घडतात : श्वासातला ऑक्सिजन घटतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की शरीरात काय होते, हे समजून घ्यायला रसायनशास्त्राचा एक जुना नियम उपयोगी पडतो. तो अकरावी-बारावीच्या प्रत्येक विज्ञान विद्यार्थ्याने पाठ केलेला असतो, आणि परीक्षेनंतर बहुतेक जण विसरलेले असतात.

समतोल म्हणजे थांबणे नव्हे

अनेक रासायनिक क्रिया एकाच दिशेने संपत नाहीत. त्या पुढेही जातात आणि मागेही येतात. दोन्ही दिशांचा वेग सारखा झाला की बाहेरून सगळे स्थिर दिसते. याला रासायनिक समतोल म्हणतात. आत हालचाल चालूच असते, जितके रेणू जोडले जातात तितकेच सुटत असतात.

परिस्थिती बदलली की हा समतोल सरकतो. कोणत्या बाजूला सरकेल, याचे सूत्र फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ले शातेलिए यांनी १८८४ मध्ये मांडले. समतोलावर ताण आणला तर तो ताण कमी होईल अशा दिशेने समतोल सरकतो, असे त्याचे सार. सोड्याच्या बाटलीत हे रोज दिसते. बंद बाटलीत दाबाखाली वायू पाण्यात विरघळलेला असतो. गोटी आत ढकलली की दाब उतरतो आणि समतोल वायू बाहेर पडण्याच्या बाजूला सरकतो. तीच बाटली उन्हात तापलेली असेल तर फेस जास्त उसळतो, कारण तापमानानेही समतोल त्याच बाजूला ढकललेला असतो.

रक्तात हाच खेळ जन्मापासून मरेपर्यंत चालतो. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजनसाठी चार जागा असतात. फुप्फुसांत ऑक्सिजन भरपूर, म्हणून समतोल जोडणीकडे झुकतो आणि जागा भरतात. स्नायूंत, मेंदूत ऑक्सिजन खर्च होत असतो. तिथे त्याचे प्रमाण कमी, शिवाय कार्बन डायऑक्साइड, आम्लता आणि उष्णता जास्त. या सगळ्यांमुळे समतोल सुटण्याकडे झुकतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. जो स्नायू जास्त काम करतो तो जास्त तापतो, जास्त आम्ल तयार करतो, आणि म्हणूनच त्याला जास्त ऑक्सिजन मिळतो. कोणी हुकूम देत नाही. गरज जिथे, तिथे समतोल आपोआप सरकतो.

या व्यवस्थेत कार्बन मोनॉक्साइड घुसतो. तो हिमोग्लोबिनच्या त्याच जागा पकडतो, पण त्याची पकड ऑक्सिजनच्या २०० ते २५० पट घट्ट असते. लोकलच्या डब्याचे उदाहरण घ्यायचे तर ऑक्सिजन हा दोन स्टेशनांपुरता बसणारा प्रवासी आहे, आणि कार्बन मोनॉक्साइड शेवटच्या स्टेशनपर्यंत न उठणारा. डबा भरलेला दिसतो, पण मधल्या स्टेशनवर कोणीच उतरत नाही. गाडी धावते, फलाट रिकामे राहतात.

कोणाला किती जागा मिळतील, हे एका साध्या अपूर्णांकावर ठरते. अंशस्थानी कार्बन मोनॉक्साइड, छेदस्थानी ऑक्सिजन, आणि त्याला गुणायचे त्या २००-२५० च्या आकड्याने. म्हणूनच हवेच्या दहा हजार भागांत कार्बन मोनॉक्साइडचे पाच-सहा भाग जरी असले, तरी पुरेसा वेळ मिळाल्यास हिमोग्लोबिनच्या निम्म्या जागा त्याच्या ताब्यात जातात. प्रमाण वाढत गेले की लागणारा वेळ घटत जातो. बंद बाथरूममध्ये तर अंश वाढतो आणि छेद घटतो, दोन्ही एकाच वेळी. आंघोळ सुरू करताना डोके किंचित जड वाटणारा माणूस काही मिनिटांत कडी काढण्याच्याही अवस्थेत राहत नाही, याचे कारण या दुहेरी सरकण्यात आहे. पायांतले त्राण आधी जाते आणि शुद्ध मागून.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. चारपैकी काही जागा कार्बन मोनॉक्साइडने पकडल्या की उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही घट्ट धरला जातो, पेशींजवळ पोचूनही सहज सुटत नाही. म्हणूनच रक्तक्षयाने हिमोग्लोबिन निम्मे झालेला माणूस हिंडता-फिरता असू शकतो, पण कार्बन मोनॉक्साइडने निम्मे हिमोग्लोबिन अडवलेला माणूस कोसळतो.

खाणीतून आलेले ज्ञान

ही माहिती नवी नाही. हा वायू रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो, हे फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच ओळखले होते. पुढे स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी स्वतःच हा वायू हुंगून, आपल्या रक्ताचे नमुने तपासत लक्षणे नोंदवली. १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउन खाणीत स्फोट झाला तेव्हा त्यांनी मृतांची तपासणी केली. त्यांपैकी बहुतेकांचा जीव स्फोटाने नव्हे, तर नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने घेतला होता. खाणीत लहान प्राणी किंवा पक्षी सोबत न्यावेत ही शिफारस त्यांचीच. लहान प्राण्याचा श्वास जलद, त्यामुळे त्याच्या रक्तातला समतोल माणसाच्या आधी सरकतो आणि तो आधी कोसळतो. ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत वापरात होते. (या हाल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारतात येऊन भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.)

योगायोग असा, की ले शातेलिए यांनी आपला नियम पटवून देताना दिलेले एक प्रसिद्ध उदाहरणही याच वायूचे आहे. लोखंडाच्या झोतभट्टीत कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो आणि लोखंड मोकळे होते. पण भट्टीच्या तोंडातून बराच कार्बन मोनॉक्साइड न वापरताच बाहेर पडे. कारखानदारांना वाटले, वायूला खनिजाशी पुरेसा वेळ मिळत नसावा. म्हणून त्यांनी मोठा खर्च करून भट्ट्यांची उंची वाढवली. वाया जाणाऱ्या वायूचे प्रमाण काही घटले नाही. क्रिया अपुरी राहत नव्हती, ती समतोलाला पोचत होती, आणि समतोल उंचीने बदलत नाही. चुकीचे कारण धरून पैसा ओतला की काय होते, याचा तो धडा होता. गळती शोधत नळ्या बदलणाऱ्या घरांना तो आजही लागू पडतो.

ऑक्सिमीटर ९८ दाखवतो तेव्हा

कोविडनंतर अनेक घरांत ऑक्सिमीटर आला. बोटाला चिमटा लावायचा आणि आकडा वाचायचा, हे आता सगळ्यांना जमते. इथे मात्र तेच यंत्र फसवते. साधा ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकारच्या प्रकाशावरून रक्ताचा रंग पाहतो. कार्बन मोनॉक्साइड जोडलेले हिमोग्लोबिनही लालभडक असते, त्यामुळे यंत्र ते ऑक्सिजनयुक्त समजून मोजते. माणूस बेशुद्ध आणि आकडा ९८, असे घडू शकते. ‘ऑक्सिजन तर उत्तम आहे, चक्कर आली असेल’ म्हणून त्याला घरीच झोपवणे जिवावर बेतू शकते.

रुग्णालयातही हे निदान निसटण्याची शक्यता असते. रक्तातल्या वायूंच्या नेहमीच्या तपासणीत विरघळलेला ऑक्सिजन मोजला जातो, आणि तो ठीक येऊ शकतो. खरे प्रमाण कळण्यासाठी को-ऑक्सिमीटर लागतो, जो हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे ओळखतो. तो प्रत्येक ठिकाणी नसतो. मग बाथरूममध्ये बेशुद्ध सापडलेल्या तरुणाला फिट आली असावी, रक्तदाब उतरला असावा, असा तर्क होतो. भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत ‘गॅस गिझर सिंड्रोम’ या नावाने अशा रुग्णांची नोंद केली आहे. काहींवर तर अपस्माराचे कायमचे औषध सुरू होण्याची वेळ येते, जेव्हा खरा इलाज गिझर हलवणे हा असतो. म्हणून रुग्णाला नेणाऱ्याने एक वाक्य न विसरता सांगायला हवे : ‘बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता.’ निदानाची निम्मी वाट या वाक्याने संपते.

उपचारही त्याच अपूर्णांकातून निघतो. कार्बन मोनॉक्साइड काढून टाकणारे कोणतेही औषध दुकानात मिळत नाही. पण छेद वाढवता येतो. साध्या हवेत रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण निम्म्यावर यायला चार ते पाच तास लागतात. घट्ट बसणाऱ्या मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला, म्हणजे २१ टक्क्यांवरून १०० च्या जवळ नेला, तर हाच वेळ साधारण तास-सव्वा तासावर येतो. ऑक्सिजन सुमारे पाचपट, वेळ सुमारे एक पंचमांश ते एक चतुर्थांश. समतोलाचा नियम इतका सरळ वागताना क्वचितच दिसतो. गंभीर रुग्णाला वाढीव दाबाच्या कक्षात ऑक्सिजन दिला तर वेळ वीस-तीस मिनिटांपर्यंत खाली येतो. पण असे कक्ष मोजक्याच ठिकाणी आहेत. बहुतेकांच्या वाट्याला येणार तो मास्कच, आणि तो लवकर लागणे महत्त्वाचे. ४० टक्के हिमोग्लोबिन अडलेल्या माणसाला ते १० टक्क्यांवर आणायला उघड्या हवेत रात्र जाते; मास्कने अडीच तास पुरतात. त्या मधल्या काळात मेंदू उपाशी असतो.

इथे नियमाची मर्यादाही लक्षात ठेवावी. समतोल कुठे सरकेल हे तो सांगतो, झालेले नुकसान भरून निघेल असे तो म्हणत नाही. हा वायू हृदयाच्या स्नायूंतल्या आणि पेशींमधल्या प्रथिनांनाही चिकटतो. शुद्धीवर येऊन घरी गेलेल्या काही रुग्णांत काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विस्मरण, चिडचिड, चालताना तोल जाणे अशा तक्रारी सुरू होतात. गरोदर स्त्रीच्या बाबतीत पोटातल्या बाळाला अधिक धोका असतो, आणि आईच्या रक्तातून हा वायू निघून गेल्यावरही बाळाच्या रक्तात तो रेंगाळतो. त्यामुळे ‘आता बरे वाटतेय’ एवढ्यावर तपासणी टाळू नये.

निखाऱ्यांचा धोका

गिझर शहरी झाला. पण हा वायू गावाकडेही जुना आहे. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून बाजेखाली शेगडी ठेवायची, निखाऱ्यांवर ओवा, शेपा टाकून धुरी द्यायची, ही पद्धत अजून अनेक घरांत आहे. धूर दिसतो म्हणून धुराची काळजी घेतली जाते. धूर विरला, निखारे लाल फुलले की खोली सुरक्षित झाली असे वाटते. रसायनशास्त्र उलटे सांगते. तापलेला कोळसा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून कार्बन मोनॉक्साइड बनतो, आणि ही क्रिया उष्णता शोषणारी आहे. त्यामुळे तापमान वाढेल तसा समतोल कार्बन मोनॉक्साइडच्या बाजूला सरकतो. बिनधुराचे, लालबुंद निखारे बंद खोलीत सर्वांत फसवे. ज्या आई-बाळाच्या जपणुकीसाठी शेगडी ठेवली, त्यांनाच ती घातक ठरते. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी आहे. शेगडी लागणारच असेल तर खिडकी उघडी हवी आणि झोपण्यापूर्वी निखारे खोलीबाहेर जायला हवेत.

हिमालयात ट्रेकला जाणाऱ्या मराठी मंडळींनीही हे ध्यानात घ्यावे. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणजे अपूर्णांकाचा छेद आधीच लहान झालेला असतो. तिथे बंद तंबूत स्टोव्ह किंवा बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपणे मैदानी प्रदेशापेक्षा अधिक घातक. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळचे आठ पर्यटक एका खोलीत बेशुद्धावस्थेत सापडले आणि त्यांचा मृत्यू झाला. त्या खोलीत गॅसचा हीटर चालू होता.

पंख्याने भागेल का?

यावर नेहमी तीन आक्षेप येतात. त्यांची दखल घ्यायला हवी.

पहिला आक्षेप, एक्झॉस्ट फॅन बसवला की पुरे. पंखा उपयोगी आहे, पण तो चालू असेल तर. थंडीत गार वारा नको म्हणून, वीज गेली म्हणून, आवाज होतो म्हणून तो बंद राहतो. वीज गेल्यावर पंखा थांबतो, गॅस गिझर मात्र बॅटरीच्या ठिणगीवर पेटतच राहतो. शिवाय आत यायला वाट नसेल तर पंखा बाहेर काय फेकणार? जिवाची सुरक्षा एका बटणावर सोपवणे हा उपाय म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप, पैशाचा. विजेचा गिझर बिल वाढवतो, जुन्या वायरिंगला त्याचा भार पेलत नाही, सौर यंत्रणा प्रत्येकाच्या गच्चीवर बसत नाही. हे सगळे खरे आहे. म्हणूनच गॅस गिझरवर सरसकट बंदी घाला, असे म्हणणे व्यवहार्य नाही आणि तशी गरजही नाही. तोच गिझर उघड्या बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर बसवला आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत आणली की धोक्याचे मूळ जाते. लागतात ती काही फूट नळी आणि मिस्त्रीची एका दिवसाची मजुरी. मात्र ड्राय बाल्कनीला काचेचे सरकते दार बसवून ती बंद केली असेल तर ती ‘बाहेर’ राहत नाही. शेजाऱ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या जिथे उघडतात, अशा अरुंद डक्टमध्ये गिझर टांगणे म्हणजे आपला धोका वरच्या मजल्यावर पाठवणे.

तिसरा आक्षेप भाडेकरूंचा. घर दुसऱ्याचे, भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही. हा आक्षेप सर्वांत खरा आहे, आणि त्याचे उत्तर भाडेकरूकडे नाही. नोकरी-शिक्षणासाठी शहरात आलेली तरुण मुले-मुली भाड्याच्या खोल्यांत राहतात. गिझर कुठे बसवायचा हे ती ठरवत नाहीत, पण आंघोळ तीच करतात. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून, इंधन जाळणारे पक्के बसवलेले उपकरण असलेल्या प्रत्येक खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणे घरमालकांना बंधनकारक आहे. त्यातून फक्त स्वयंपाकाच्या शेगड्या वगळल्या आहेत. तिथे ती भाडेकरूची दक्षता मानली जात नाही, घरमालकाचे कर्तव्य मानली जाते. इथे भाडेकरारात रंग, गळके नळ, दिवे यांची यादी असते. गिझरच्या जागेचा उल्लेख नसतो. तो यायला हवा.

अपघात नव्हे, मांडणीतली चूक

अशा मृत्यूंना ‘दुर्दैवी अपघात’ म्हणण्याची सवय मोडली पाहिजे. ज्या गोष्टीचे कारण शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे, आणि उपाय एका दिवसात होतो, तिला दुर्दैव म्हणणे ही पळवाट आहे. गिझर बाथरूममध्ये बसतो तेव्हा त्यामागे एकामागून एक निर्णय असतात. विक्रेता जागा न विचारता विकतो. बसवणारा ग्राहक म्हणेल तिथे बसवतो. बिल्डर बाथरूममध्येच गॅसची तोटी काढून देतो. सोसायटी बाहेरच्या भिंतीचे सौंदर्य बिघडते म्हणून हरकत घेते. यांतल्या कोणीही एकाने ‘इथे नाही’ म्हटले तरी साखळी तुटते.

त्यासाठी मोठ्या मोहिमेची वाट पाहण्याचे कारण नाही. सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठराव करून बाहेरच्या बाजूला गिझर लावायला परवानगी द्यावी आणि आतले गिझर किती आहेत याची मोजणी करावी. गॅस कंपन्यांचे कर्मचारी सुरक्षा तपासणीसाठी घरी येतात तेव्हा स्वयंपाकघरातून परत न फिरता गिझरची जागाही पाहावी. महापालिकांनी हिवाळ्याच्या तोंडावर डेंग्यूच्या फलकांसारखे फलक लावावेत. पोलिसांच्या नोंदीत आणि बातम्यांत ‘गळती’ऐवजी ‘कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा’ हे शब्द यावेत, कारण योग्य नावाशिवाय मोजणी होत नाही आणि मोजणीशिवाय प्रश्न कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. आणि शाळा-कॉलेजांत समतोलाचा धडा शिकवताना अमोनियाच्या कारखान्याबरोबर घरच्या बाथरूमचे उदाहरणही यावे. कारखान्यात नोकरी करणारे थोडे, आंघोळ करणारे सगळे.

गिझर हलवेपर्यंत मधल्या दिवसांसाठी नियम सोपे आहेत. बादली आधी भरून घ्यावी, गिझर बंद करावा, खिडकी उघडी ठेवावी आणि मगच आंघोळीला जावे. गिझर चालू ठेवून शॉवर घेऊ नये. दाराला आतून कडी लावण्याऐवजी दार नुसते लोटून घ्यावे. पाठोपाठ आंघोळी करायच्या असतील तर मध्ये दार-खिडकी उघडून हवा खेळू द्यावी. ज्योत पिवळी दिसली तर गिझर वापरू नये. आंघोळीत डोके दुखणे, मळमळणे, पाय लटके पडणे असे काही जाणवले तर अंगावर साबण असला तरी बाहेर यावे. बाहेर आल्यावर बरे वाटले आणि घरातल्या दुसऱ्या कोणालाही तसेच झाले होते असे कळले, तर तो योगायोग समजू नये. कोणी आत बेशुद्ध सापडले तर आधी दार उघडून गॅस बंद करावा, माणसाला उघड्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाचवायला गेलेल्याने आत रेंगाळू नये, कारण त्याच्या रक्तालाही तोच नियम लागू असतो.

रक्तातला समतोल कोणाचे वय, शिक्षण किंवा सावधपणा पाहत नाही. ज्या हवेत माणूस उभा आहे, त्या हवेप्रमाणे तो सरकतो. ती हवा कशी असेल हे मात्र माणसाच्या हातात आहे, आणि ते गिझर भिंतीवर ठोकण्याआधीच ठरते. ज्या घरांत तो आत ठोकलेला आहे, त्यांनी यंदाची थंडी वाढण्याआधी मिस्त्रीला बोलवावे.